सागरापार गेलेला श्रावक : वीरचंद राघवजी गांधी

काळ बदलतो तशा शिक्षणाकडून असलेल्या समाजाच्या अपेक्षाही बदलतात. आज जैन कुटुंबांतील अनेक मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. जगात कोठेही आत्मविश्वासाने उभा राहू शकेल असा विद्यार्थी कसा घडवावा, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक शैक्षणिक ट्रस्टपुढे उभा आहे. परंतु हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुण श्रावकाने त्याचे उत्तर स्वतःच्या आचरणाने दिले होते.

वीरचंद राघवजी गांधी यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी जैन असोसिएशन ऑफ इंडियाच्या मानद चिटणीसपदाची धुरा त्यांच्याकडे आली. पदवीचा पहिला उपयोग त्यांनी तीर्थरक्षणासाठी केला. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर पालीताणा संस्थान कर आकारीत असे. १८८६ साली झालेल्या तडजोडीने हा माणशी कर जाऊन त्याऐवजी वार्षिक १५,००० रुपयांची ठरावीक रक्कम निश्चित झाली. या कामी वीरचंदभाईंचे परिश्रम मोलाचे होते. पुढे सम्मेदशिखराच्या परिसरात डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा ते कलकत्त्यास जाऊन राहिले आणि दाव्यातील जुने कागद स्वतः वाचता यावेत म्हणून बंगाली भाषा शिकले. परक्या प्रांताची भाषा केवळ शोभेसाठी नव्हे, तर कार्यासाठी आत्मसात करणारा हा विद्यार्थी होता.

१८९३ साली शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना आले होते. साधुमर्यादेमुळे समुद्रप्रवास त्यांना शक्य नव्हता. त्यांनी आपल्या जागी एका गृहस्थाची, म्हणजे २९ वर्षांच्या वीरचंदभाईंची निवड केली. इंग्रजी जाणणारा पदवीधर मिळाला, एवढ्यावर आचार्यश्री समाधान मानून राहिले नाहीत. प्रस्थानापूर्वी त्यांनी वीरचंदभाईंकडून जैन तत्त्वज्ञानाची तयारी करून घेतली आणि परिषदेच्या निमित्ताने प्रश्नोत्तररूप ग्रंथही रचला. जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी मुळे घट्ट करण्याचे हे शिक्षण होते.

११ ते २७ सप्टेंबर या काळात झालेल्या त्या परिषदेत त्यांनी जैन तत्त्वज्ञान व आचार यांचे विवेचन केले. एका पाश्चात्त्य धर्मोपदेशकाने हिंदू समाजावर कठोर टीका केली, तेव्हा तिला उत्तर देण्यासाठीही हाच जैन प्रतिनिधी उभा राहिला. परिषद संपल्यावर अमेरिकेतील अनेक नगरांत त्यांनी व्याख्याने दिली. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी तेथे संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि मायदेशी दुष्काळ पडला तेव्हा तेथून धान्य व निधी पाठविण्याचा प्रयत्न केला. आहार मात्र कडाक्याच्या थंडीतही शुद्ध शाकाहारीच राहिला. याची साक्ष स्वामी विवेकानंदांनी १८९४ साली जुनागढच्या दिवाणांना लिहिलेल्या पत्रात दिली आहे.

त्याच पत्रात स्वामीजींनी एक खंतही व्यक्त केली आहे. ज्यांनी या माणसाला पाठविले, तेच त्याला वाळीत टाकू पाहत आहेत! समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काहींनी त्यांच्याकडून प्रायश्चित्ताची मागणी केली. आत्मारामजी महाराज पाठीशी उभे राहिले. पण १८९६ साली त्यांचे देहावसान झाले. ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत वीरचंदभाईंची प्राणज्योत मालवली. वयाची ३७ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले ते २००२ साली. समाजाच्या वहीत ही थकबाकी फार काळ राहिली, असेच म्हणावे लागेल.

सुदैवाने त्या पिढीचा विचार वाया गेला नाही. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि तिच्या आश्रयाने ठिकठिकाणी बोर्डिंगे उभी राहिली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून ज्ञानाची दारे सर्व जातींच्या मुलांना खुली केली. आत्मारामजींच्या परंपरेतील विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झाले. आधुनिक उच्च शिक्षणाला धर्मसंस्काराची जोड देणे, हे त्याचे ध्येय होते.

आज समुद्रप्रवासाला कोणी पाप मानीत नाही. तथापि शिष्यवृत्तीचा धनादेश दिला की कर्तव्य संपले, अशी समजूत रूढ होऊ पाहत आहे. विद्यार्थ्याला परकी भाषा व तंत्रज्ञान अवश्य यावे. पण ‘तुमचा धर्म काय सांगतो?’ असे परदेशी सहाध्यायाने विचारले असता त्याला चार वाक्ये नीट सांगता आली पाहिजेत, आणि समोरच्याचे म्हणणे अनेकान्त दृष्टीने ऐकूनही घेता आले पाहिजे. आणि तो नवे विचार घेऊन परतेल, तेव्हा त्याला प्रायश्चित्त नव्हे, तर आधार मिळाला पाहिजे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एवढा संकल्प केला, तरी वीरचंदभाईंचे ऋण काही अंशी फिटेल.