धुराचा रंग काय सांगतो?

निमगाव केतकीहून इंदापूरकडे निघालेली डिझेल गाडी काळा धूर सोडते, ओढ कमी होते. दोष टर्बोचार्जरचाच का? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंतली ऊर्जा वाया जाते, हे ओळखून स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतले. त्याच वायूंनी चक्र फिरवून इंजिनात जादा हवा दाबायची! १९२५ साली या युक्तीने इंजिनाची शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. निदानाची किल्ली इथेच आहे. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी. म्हणून आधी तुंबलेला फिल्टर आणि फाटलेला हवेचा पाइप तपासावा. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळते आहे. तेव्हा टर्बोच्या सीलबरोबर पिस्टनच्या रिंगाही पाहाव्यात. महागडा टर्बो बदलण्याआधी विचारावे: हवा कुठे अडली, कुठे गळली?