नंदुरबार परिसर आणि साम्राज्यांची स्पर्धा

महाराष्ट्राच्या वायव्य भागातील नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना १ जुलै १९९८, धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून) सत्तासंघर्षांमागील आर्थिक हेतू स्पष्ट दिसतात. सुरत–बुऱ्हाणपूर या व्यापारी मार्गावरील नंदुरबार ही मोगल काळातील भरभराटीची पेठ होती. सुरतेच्या व्यापारासाठी इंग्रज व डच कंपन्यांत चढाओढ असताना १६६६ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली.

तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धाचे (१८१७–१८) जाहीर कारण पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हे होते. प्रत्यक्षात मराठी सत्तांचा मुलूख, महसूल आणि व्यापारी वाटा इंग्रज कंपनीच्या हाती गेल्या. महिदपूरच्या पराभवानंतर मंदसोरच्या तहाने (जानेवारी १८१८) होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील प्रदेश सोडला. नंदुरबार ज्यात येते त्या खानदेशातील भिल्लांनी नव्या सत्तेला कडवा प्रतिकार केला. लष्करी मोहिमांनी तो न शमल्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारण्यात आली.

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे खानदेशी कापसाचे भाव कडाडले आणि युद्ध संपताच कोसळले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने लोकप्रतिनिधींना न विचारता भारताला युद्धात ओढले. स्वातंत्र्याच्या नावाने लढणारी ही सत्ता भारताला मात्र स्वातंत्र्य नाकारत होती. ‘छोडो भारत’ आंदोलनात ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलासह पाच जण हुतात्मा झाले.