हृद्रोग्यांच्या दंतोपचारातील प्रतिबंधक प्रतिजैविके

हृदयाच्या आतील आवरणाचा व झडपांचा जंतुसंसर्ग (एंडोकार्डायटिस) टाळण्यासाठी दंतोपचारापूर्वी दिली जाणारी औषधे. दात काढताना तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्तात शिरून सदोष किंवा कृत्रिम झडपेवर वाढू शकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये हा उपाय अतिजोखमीच्या रुग्णांपुरता मर्यादित केला : कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, काही जन्मजात हृद्दोष आणि हृदयरोपणानंतरचा झडपदोष. प्रौढांना साधारणतः उपचारापूर्वी ३० ते ६० मिनिटे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम तोंडावाटे एकदाच देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ॲझिथ्रोमायसिनसारखा पर्याय वापरतात. २०२१ पासून क्लिंडामायसिनची शिफारस नाही. भारतात ऱ्हुमॅटिक तापाने झडपा बिघडलेले रुग्ण अनेक आहेत. त्यांपैकी व इतरही झडप बदललेल्यांनी दंतवैद्याला तसे आधीच सांगावे. दातांची रोजची निगा व नियमित तपासणी तितकीच आवश्यक आहे.