अंदमानचा अग्निपर्वत

अंदमान म्हटले की मराठी मनापुढे उभा राहतो तो तेथील सेल्युलर तुरुंग. परंतु त्या बेटांच्या इतिहासात मानवी राजवटींहून फार जुना असा एक रहिवासी आहे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजचे श्री विजयपुरम, येथून ईशान्येस सुमारे 140 किलोमीटरांवर बॅरन नावाचे निर्जन बेट आहे. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी तो हाच.

त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद 1787 सालची. दोनच वर्षांनी, 1789 मध्ये, अंदमानची पाहणी करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर तेथे गेला, तेव्हा पर्वत धगधगतच होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर मात्र तो निवला. दीडशे वर्षांच्या आसपास हे मौन टिकले आणि 1991 साली त्याने पुन्हा आग ओकली. पुढे 2005 व 2017 मध्येही तो जागा झाला.

भूशास्त्रज्ञ अशा पर्वतास संमिश्र ज्वालामुखी म्हणतात. जपानचा फुजी आणि इटलीचा व्हेसूव्हियस त्याच कुळातले. भारतीय भूपट्ट अंदमानाच्या पश्चिमेस पूर्वेकडील भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या खडकांतील पाणी बाहेर पडते, त्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. त्यात कोंडलेले वायू कधी स्फोटाने राख व दगड उधळतात, तर कधी लाव्हा शांतपणे ओघळतो. राखेवर लाव्हा, लाव्ह्यावर राख, असे थर एकाच मुखाभोवती साचून पर्वत उभा राहतो. बॅरनचे शिखर समुद्रसपाटीपासून अवघे 354 मीटर दिसते. त्याचा पायथा मात्र दोन हजार मीटरांहून अधिक खोल पाण्यात आहे.

येथे मराठी माणसास सह्याद्री आठवेल. त्याच्या कड्यांतही थरांवर थर आहेत, अधूनमधून तांबडे पट्टे आहेत. मग तोही असाच अग्निपर्वत होता काय? तसे नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पाण्यासारखा दूरवर पसरला. तेथे एकच मुख नव्हते की एक शंकूही नव्हता. तांबडे पट्टे हे बहुधा दोन लाव्ह्यांमधल्या काळात ऊनपावसाने कुजलेल्या खडकाचे आहेत. पुढे त्या विस्तीर्ण पठाराची कड नद्यानाल्यांनी कोरली, तेव्हा आजचे कडे व सुळके दिसू लागले.

तात्पर्य, बॅरन हा रचत गेलेला पर्वत, तर सह्याद्री कोरून निघालेला. सह्याद्रीचा अग्नी कायमचा विझला आहे. बॅरनचा तसा नाही. दीडशे वर्षांचे मौन माणसास पाच-सहा पिढ्यांचे वाटते. पर्वताच्या आयुष्यात ती केवळ एक डुलकी ठरते.