गर्भ, माता आणि फिकह : एका जुन्या चर्चेचा मागोवा

"इस्लाममध्ये गर्भपात जायज आहे की हराम?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकला असेल. बहुधा तो दबक्या आवाजात विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका शब्दात मागितले जाते. उत्तर देणाराही "हराम" म्हणून मोकळा होतो, नाहीतर "सरकारने परवानगी दिली आहे ना!" असे सांगून विषय संपवतो. ज्या घरावर प्रसंग गुदरलेला असतो, त्याला या दोन्ही उत्तरांचा उपयोग होत नाही. मग कोणी गुपचूप एखाद्या अडाणी सुईणीकडे जाते, कोणी जडीबुटी घेते आणि बाईच्या जिवावर बेतते.

आपल्या पूर्वीच्या फकीहांनी हा प्रश्न असा एका शब्दात कधीच निकालात काढला नाही. गर्भ किती दिवसांचा आहे? कारण काय आहे? आईची प्रकृती कशी आहे? असे उलट प्रश्न त्यांनी आधी विचारले, एकमेकांशी वाद घातला, मतभेद लिहून ठेवले. त्या चर्चेचा इतिहास पालकांना आणि विशेषतः आपल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना माहीत असावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. फतवा देणे हे आलिमांचे काम आहे, ते येथे करायचे नाही.

आरंभ कुराण शरीफपासून केला पाहिजे. इस्लामपूर्व अरबस्तानात काही टोळ्यांत जन्मलेल्या मुलीला जिवंत पुरण्याची अघोरी चाल होती. सूरह नहलमध्ये मुलगी झाल्याची बातमी ऐकून तोंड काळवंडलेल्या बापाचे चित्र आहे; सूरह तकवीरमध्ये पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी तिचा गुन्हा विचारला जाईल असे सांगितले आहे; आणि सूरह बनी इस्राईलमध्ये दारिद्र्याच्या भीतीने मुलांचा जीव घेण्यास मनाई आहे. ही सर्व वचने जन्मलेल्या मुलांविषयीची आहेत. पोटातील गर्भाविषयी सूरह मोमिनूनमध्ये वेगळे वर्णन येते. तेथे नुत्फा म्हणजे थेंब, मग अलका, मग मुदगा म्हणजे मांसाचा गोळा, मग हाडे, त्यांवर मांस आणि शेवटी एक निराळीच निर्मिती, असा क्रम आहे. किती दिवस, हे मात्र तेथे नाही.

दिवस येतात ते हदीसमधून. हजरत अब्दुल्ला बिन मसऊद (र.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यावरून बहुतेक फकीहांनी चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे धरले आणि 120 दिवसांनंतर रूह फुंकली जाते असे मानले. पण सहीह मुस्लिममध्ये हजरत हुजैफा बिन असीद (र.) यांचीही एक हदीस आहे आणि तिच्यात बेचाळीस रात्रींचा उल्लेख आहे. मतभेदाचे बीज येथेच पडले. कोणी चाळीस दिवसांची रेषा धरली, कोणी 120 दिवसांची.

रूह केव्हा येते हा श्रद्धेचा प्रश्न झाला. काजीसमोर मात्र खटले येत होते, आणि पहिला खटला खुद्द पैगंबर साहेबांच्या (स.अ.) समोर आला. हुजैल टोळीतील दोन बायकांचे भांडण झाले. एकीने दुसरीला दगड मारला आणि त्यात तिच्या पोटातील गर्भ गेला. पैगंबर साहेबांनी (स.अ.) गर्भाबद्दल 'गुर्रा' म्हणजे एक गुलाम किंवा दासी द्यावी असा निवाडा केला. पुढे फकीहांनी गुर्ऱ्याची किंमत पाच उंट ठरवली. पूर्ण माणसाची दियत, म्हणजे खुनाची भरपाई, शंभर उंट होती. म्हणजे गर्भाची भरपाई तिच्या विसाव्या हिश्श्याइतकी झाली. गर्भ जिवंत बाहेर येऊन मग दगावला, तर मात्र पूर्ण दियत. गर्भ हा पूर्ण माणूस मानला गेला नाही हे खरे, पण त्याला काहीच मोल नाही असेही कोणी म्हटले नाही. पुढची सारी चर्चा या दोन टोकांच्या मध्ये घडली.

हजरत उमर (र.) खलिफा असताना असाच एक प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी सहाबांना बोलावून विचारले. हजरत मुगीरा (र.) यांनी गुर्ऱ्याचा निवाडा सांगितला, तरी खलिफांचे समाधान झाले नाही. त्यांनी दुसरा साक्षीदार मागितला आणि हजरत मुहम्मद बिन मसलमा (र.) यांनी दुजोरा दिल्यावरच निर्णय दिला. याहून बोलका प्रसंग फिकहच्या ग्रंथांत सांगितला जातो. हजरत उमर (र.) यांनी एका बाईला चौकशीसाठी बोलावणे धाडले. खलिफाचे बोलावणे म्हटल्यावर ती इतकी घाबरली की वाटेतच तिचा गर्भ गेला. काही सहाबा म्हणाले, "आपण शासक आहात, शिस्तीसाठी बोलावले, आपल्यावर काही दोष नाही." हजरत अली (र.) यांनी स्पष्ट सांगितले की जबाबदारी आपलीच आहे, दियत आपण दिली पाहिजे. आणि खलिफांनी ते मान्य केले! सत्तेच्या धाकाने गेलेल्या गर्भाची भरपाई सत्ताधीशाने द्यावी, असा निवाडा सातव्या शतकात झाला हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे चार मजहब आकाराला आले आणि मते लिहून ठेवली गेली. मालिकी पंथ सर्वांत कडक. त्यांचे फकीह दरदीर (मृत्यू 1786) यांनी चाळीस दिवसांपूर्वीही गर्भ पाडणे नाजायज ठरवले. तरी त्याच पंथातील लखमी यांनी चाळीस दिवसांपर्यंत सूट दिली होती. हंबली पंथातही चाळीस दिवसांपर्यंत औषध घेण्यास मुभा देणारे होते. आपल्याकडची स्थिती गंमतीची आहे. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई, तर देशावरचे आणि खानदेश, वऱ्हाड, मराठवाड्यातले बहुतेक हनफी. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींच्या घरची किताबे या प्रश्नावर वेगवेगळे बोलतात.

शाफई पंथातील सर्वांत मोठे नाव इमाम गजाली (मृत्यू 1111) यांचे. 'इह्याउल उलूम' या ग्रंथात त्यांनी अज्ल, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पुरुषाने घेतलेली खबरदारी, आणि गर्भपात यांत फरक केला. त्यांचा दाखला व्यापाराचा आहे. सौद्यात एकाने देकार दिला आणि दुसऱ्याने स्वीकारला नाही, तोवर माघार घेण्यात दोष नाही. स्वीकार झाल्यावर करार मोडणे दोषाचे. तसेच गर्भ राहिल्यावर तो पाडणे हा अपराध, आणि गर्भ जसजसा वाढेल तसतसा अपराधही वाढत जातो. अज्लला मात्र त्यांनी मुभा दिली. फार मुले होऊन संसाराची ओढाताण होऊ नये, पत्नीची प्रकृती सांभाळावी, ही कारणे त्यांनी चालण्यासारखी मानली. मुलगी होईल या भीतीने अज्ल करणे हे कारण मात्र त्यांनी वाईट ठरवले. गर्भ राहण्याआधीसुद्धा हा हेतू त्यांना मान्य नव्हता.

हनफी फकीहांनी 120 दिवसांपर्यंत अधिक मोकळीक ठेवली, पण त्यांच्यातही एकमत नव्हते. काजी खान (मृत्यू 1196) यांनी हजच्या नियमातून युक्तिवाद काढला. इहराममध्ये असलेल्याने शिकारीच्या पक्ष्याचे अंडे फोडले तरी त्याला भरपाई द्यावी लागते, कारण अंडे हे पक्ष्याचे मूळ. मग विनाकारण गर्भ पाडणाऱ्या बाईला निदान गुनाह तरी लागणारच. 'विनाकारण' हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण त्यामुळे योग्य कारण कोणते याचा शोध सुरू झाला. ग्रंथांतून पुन्हा पुन्हा येणारे कारण पाहा. एका बाईच्या अंगावर तान्हे मूल पीत आहे, तिला पुन्हा दिवस जातात, दूध आटते आणि बापाची दाई ठेवण्याची ऐपत नाही. तान्ह्याचा जीव धोक्यात असेल तर 120 दिवसांच्या आत, गर्भाचे अवयव प्रकट होण्यापूर्वी, तिने उपचार करून घेतला तर मुभा आहे. हा मसला 'फतावा आलमगिरी'तही आहे. तो ग्रंथ औरंगजेबाच्या आज्ञेने सतराव्या शतकात तयार झाला आणि ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते शेख निजाम आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरचे होते. किताबखान्यात बसून मसले लिहिणाऱ्या या आलिमांना गरिबाघरचे आटलेले दूध दिसत होते! त्याच शतकात दमिश्कचे हसकफी (मृत्यू 1677) यांनी हनफींचे एक मत नोंदवले आहे की चार महिन्यांच्या आतला हा निर्णय पतीच्या परवानगीशिवायही होऊ शकतो.

हकीमांचाही आवाज या चर्चेत होता. इब्ने सीना (मृत्यू 1037) यांनी 'कानून'मध्ये लिहिले की गर्भवती वयाने फार लहान असेल आणि बाळंतपणात तिच्या मृत्यूची भीती असेल, किंवा गर्भाशयाचा विकार असेल, तर गर्भ काढण्याची गरज पडू शकते. अल्पवयात लग्ने होणाऱ्या समाजात हे लिहिले गेले, हे मुलींच्या पालकांच्या नजरेतून सुटू नये.

120 दिवसांनंतर मात्र दार जवळजवळ बंद होते. आई मृत झाली आणि पोटात मूल हलत असेल तर पोट डाव्या बाजूने चिरून मूल काढावे. मूल मेले असेल तर आईला वाचवण्यासाठी ते कापून काढावे. पण दोघेही जिवंत असतील तर मुलाला मारू नये, असे हनफी ग्रंथ सांगतात. इब्ने आबिदीन (मृत्यू 1836) यांनी त्याचे कारण दिले आहे. आईचा मृत्यू हा अंदाज आहे, आणि अंदाजावरून जिवंत जीव घेता येत नाही. आपल्या देशातील सुश्रुतसंहितेतही अडलेला गर्भ जिवंत असेल तर त्यावर शस्त्र चालवू नये असा दंडक आहे. आज हे कठोर वाटते. पण ज्या काळी वैद्याला पोटातले काही दिसत नव्हते, त्या काळी अंदाजाला अंदाज म्हणणे प्रामाणिकपणाचेच होते. पुढे वैद्यकाला खात्री देता येऊ लागली तसे उत्तरही बदलले. 1958 ते 1963 या काळात अल-अजहरचे प्रमुख असलेले शेख महमूद शलतूत यांनी लिहिले की गर्भामुळे आईचा मृत्यू होणार हे निश्चित असेल तर आईला वाचवावे. ती मूळ आहे, तिचे जीवन प्रस्थापित आहे, तिच्यावर इतरांची जबाबदारी आहे. यहुदी मिश्नामध्येही मुलाचा बहुतांश भाग बाहेर येईपर्यंत आईचा जीव आधी धरला आहे. ख्रिस्ती चर्चमध्ये आकार आलेला आणि न आलेला गर्भ हा भेद शतकानुशतके होता. 1869 मध्ये पोप नववे पायस यांनी शिक्षेपुरता तो काढून टाकला.

आता आपल्या देशाकडे वळू. 1860 च्या इंडियन पीनल कोडने गर्भपात गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला तेवढा वगळला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे इंग्रजांच्या कायद्यातही गर्भाच्या वाढीबरोबर दोष वाढतच होता. (1 जुलै 2024 पासून या कोडची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.) 1964 मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. तिच्या शिफारशींवरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. मर्यादा वीस आठवडे होती. 2021 च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या स्त्रियांसाठी ती चोवीस आठवडे झाली. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही मुभा आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, पतीची सही कायदा मागत नाही.

येथे एक हिशेब समजून घ्यावा. 120 दिवस म्हणजे सतरा आठवडे. पण डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे त्यांच्या कागदावर तो दिवस सुमारे एकोणिसाव्या आठवड्यात येतो. व्यंग शोधणारी सोनोग्राफी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत होते. मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने फेब्रुवारी 1990 मध्ये निर्णय दिला की तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने असाध्य, गंभीर व्यंगाची खात्री दिल्यास, आईबापांच्या इच्छेने 120 दिवसांच्या आत गर्भपात करता येईल; त्यानंतर केवळ आईच्या जिवाला धोका असेल तर. म्हणजे ही मर्यादा पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबाच्या हातात तपासणीनंतर काही दिवसच उरतात, कधी तेही नाहीत. पहिल्या महिन्यांतच दवाखान्यात नाव नोंदवून आधीच्या तपासण्या करून घ्याव्यात, याचे हेही एक कारण आहे.

मुस्लिम देशांचे कायदेही एकसारखे नाहीत. ट्युनिशियाने 1973 मध्ये पहिल्या तीन महिन्यांत सर्व स्त्रियांना मुभा दिली. तुर्कस्तानने 1983 मध्ये दहा आठवडे ठरवले, पण विवाहितेला पतीची संमती लावली. इराणने 2005 मध्ये तीन डॉक्टरांच्या खात्रीवर चार महिन्यांपर्यंत परवानगी दिली आणि 2021 मध्ये नियम पुन्हा आवळले.

इतक्या मतभेदांत एका बाबतीत फारसा वाद दिसत नाही, ती म्हणजे मुलगी नको म्हणून गर्भ पाडणे. सूरह नहलमधील तो बाप आणि गजालींनी नाकारलेला तो हेतू सोनोग्राफीच्या यंत्रामागून पुन्हा आला. महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला आणि 1996 पासून लागू झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात 2001 च्या जनगणनेत 913 मुली होत्या आणि 2011 च्या जनगणनेत 894. हे आकडे सर्व धर्मांच्या घरांचे मिळून आहेत, आणि त्यात आपलीही घरे मोजली गेली आहेत.