सरस आणि विश्रांती : मेंदूतील एका पेशीच्या नामकरणाचा इतिहास

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण महाराष्ट्रात अन्यत्र चालते तशीच भंडारा जिल्ह्याच्या झाडीपट्टीतही चालते. वार्धक्यातील विस्मृतीला तिने नियत वय दिले. कारण दिले नाही. ते कारण आज अंशतः ज्या पेशींत शोधले जाते, त्यांचा इतिहास बव्हंशी दिशाभूल करणाऱ्या नावांचा इतिहास आहे.

इ. स. १८५६ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खो यांनी मज्जापेशींमधील द्रव्यास ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जातंतूंचा सरस, असे नाव दिले. सरस जोडतो, इतकेच. त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा करावयाची? १९१९ मध्ये माद्रिद येथे पिओ देल रिओ होर्तेगा यांनी रजत-कार्बोनेटाच्या रंजनाने त्या सरसातून एक निराळीच पेशी उघड केली : बारीक फांद्यांची, इजा होताच फांद्या आखडून गोल होणारी, मृत अवशेष गिळणारी. मेंदूची रक्षक पेशी ती हीच. तिचे ‘मायक्रोग्लिया’ हे नाव मात्र पुन्हा सरसावरूनच पडले, आणि फांद्या पसरलेल्या अवस्थेस ‘विश्रांत’ म्हणण्याचा प्रघात रूढ झाला. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत पाहिले असता ही ‘विश्रांत’ पेशी आपल्या फांद्यांनी भोवताल अखंड चाचपीत असल्याचे दिसले!

वार्धक्यात ही पेशी अतिउत्तेजित होऊन अपाय करते, हे मत दीर्घकाळ प्रबळ होते. अशा उत्तेजनाची ओळख विदर्भास आहे. २००७ मध्ये, भंडारा ज्यात मोडतो त्या नागपूर विभागात, चांदिपुरा विषाणूच्या मस्तिष्कदाहाने बालके दगावली; त्या विषाणूमुळे याच पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात, असे पुढे भारतीय प्रयोगशाळांत आढळले. वृद्धांची गोष्ट इतकी सरळ नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील श्ट्राइट व त्यांचे सहकारी यांनी वृद्ध मानवी मेंदूंतील पेशींच्या फांद्या तुटक व गाठाळ झालेल्या, उपशाखा नाहीशा झालेल्या दाखविल्या. वृद्ध उंदरांत तर त्या इजेकडे उशिरा वळतात, आणि एकदा वळल्या की लवकर शमत नाहीत. थकवा आणि अतिरेक एकाच पेशीत नांदतात. साठाव्या वर्षी एकाएकी असे काही घडत नाही.

२०२२ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी ‘विश्रांत’ व ‘उत्तेजित’ ही जोडी टाकून द्यावी, असे एकत्रितपणे सुचविले. मराठीत आता ‘सूक्ष्मश्लेषपेशी’ असा प्रतिशब्द घडविणे म्हणजे फिर्खोंचा सरस पुन्हा कालविणे होय. त्यापेक्षा ‘मायक्रोग्लिया’ हा परका शब्दच बरा. मराठी वाचकास तो निदान खोटे काही सांगत नाही.