कोणता कुडा?

गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादग्रंथात हगवणीवरच्या एका मलबारी वनस्पतीचा उल्लेख आहे. ती म्हणजे आपला कुडा, असे पुढच्या अभ्यासकांनी ठरवले. हा तर्क आहे. संस्कृत वैद्यकातला अतिसारावरचा कुटज पाहता तो पटतो, पण पुराव्याचे वजन त्याला नाही.

ते वजन १६७८ साली मिळते. त्या वर्षीच्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात 'कोडगापाला' आहे, आणि सोबत चित्र आहे. शब्दांवरून वाद घालता येतो. पाने, फुले, शेंगा समोर असल्या की बोलणे आवरते घ्यावे लागते. हा पांढरा कुडा, आजच्या शास्त्रीय नावाने होलऱ्हेना प्युबेसेन्स.

घोटाळा होतो तो नामकरणात. १७५३ मध्ये लिनियसने दिलेल्या 'नेरियम अँटीडिसेंटेरिकम' या एकाच नावाखाली हे कोडगापाला आणि सिलोनचे एक वेगळे झाड एकत्र आले. पुढे ते नाव राइटिया वंशात गेले. आपला काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया, त्याच वंशातला. त्यामुळे जुन्या कागदांत 'राइटिया' दिसला की थांबायचे आणि विचारायचे: औषधाचे झाड की त्याचे भाऊबंद? युरोपात 'कोनेसी' नावाने गेलेल्या सालीची पत पुढे घसरली. तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळली जाई, हे कारण नंतरच्या लेखकांनी दिले आहे. मला ते संभाव्य वाटते; सिद्ध म्हणवत नाही.

१८५८ मध्ये मुंबईत हेन्स यांनी या सालीतून अल्कलॉइड वेगळे केले. तेच कोनेसीन. १८६४ मध्ये स्टेनहाउसला बियांत अल्कलॉइड सापडले, त्याला 'राइटीन' नाव मिळाले. दोन्ही पदार्थ एकच निघाले. रेणू बरोबर मिळाला, पण एक नाव मात्र भलत्या वंशाचे राहिले!

आता दुसरी ओळख: रोगाची. आमांशाचा अमीबा लोशने १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला वर्णिला. जिवाणूंमुळे होणारा आमांश शिगाच्या १८९७ मधील शोधानंतर वेगळा ओळखता आला. म्हणून त्याआधीचे 'कुड्याने आव बरी झाली' हे विधान खोटे नसले तरी परजीवीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. जिवाणूजन्य आमांश पुष्कळदा आपोआपच उतरतो. तो रोगी कोणत्या गटातला होता, हे कागदावरून कळणार कसे?

खरी कसोटी विसाव्या शतकातली. १९१२ मध्ये रॉजर्सने कोलकात्यात अमीबाच्या आमांशावर एमेटीनची इंजेक्शने रूढ केली. ते प्रभावी होते, पण हृदयाला जड. स्वस्त आणि कमी जहाल पर्याय शोधताना तिथल्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात कुड्याची साल आणि कोनेसीन तपासले. आता सूक्ष्मदर्शकाखाली अमीबा आहे की नाही हे पाहता येत होते. झाड ओळखीचे आणि रोगही ओळखीचा, असे दोन्ही प्रथमच जुळून आले. पुढे मेट्रोनिडाझोल हे औषध आले आणि कुडा दवाखान्यातून बव्हंशी मागे पडला.

या शोधात एक साक्षीदार मी उशिरा तपासला: काष्ठौषधींचे दुकान. तिथे पांढऱ्या कुड्याचे बी 'कडू इंद्रजव', काळ्याचे 'गोडे इंद्रजव'. लॅटिन नावांमुळे घोटाळ्यात सापडलेली दोन झाडे जिभेने वेगळीच ठेवली होती. मात्र पुडीवर नुसते 'इंद्रजव' लिहिले असेल, तर दाणा चावून पाहावाच लागतो.